दादाराव खांबावर असताना

देवाच्या कामाला मीटर लागत नाही, असं मला माझ्या नोकरीत तीन मंदिर समित्यांनी सांगितलं. तिन्ही ठिकाणी मी खांबावर चढून त्यांनी तारेवर टाकलेला आकडा काढला, वायर गुंडाळून खांद्यावर घेतली आणि खाली उतरलो. एका गावी समितीचे अध्यक्ष वाटेतच आडवे उभे राहिले.

"भाऊ, हे देवाचं काम हाये. देवाच्या कामाले मीटर काऊन पायजे?"

"मंग देवाले म्हना, सोता येऊन दरख्वास्त दे. आजच्या आज बसवतो."

त्यांनी मला शाप दिला नाही, पण सप्ताहाच्या पंगतीलाही बोलावलं नाही.

मी लाइनमन होतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि आता आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात राहतो. आदिलाबादहून महाराष्ट्राच्या हद्दीकडे जी गावं आहेत, कापसाची आणि ज्वारीची, त्यांतल्या काही गावांचा करंट माझ्या हवाली होता. लोक आम्हाला करंटवाले म्हणतात. करंट असला की आमची आठवण कुणाला येत नाही आणि गेला की आमच्या सात पिढ्यांची येते. चौतीस वर्षं मी हे ऐकून घेतलं आणि खरं सांगायचं तर मला त्याची गोडीच लागली होती. अंधारात बसलेलं अख्खं गाव आपली वाट पाहतं, हे सुख फार थोड्या नोकऱ्यांत असतं.

देव नाही असं मी कधी म्हटलं नाही. देव असेल, त्याची कामंही होत असतील, पण ती दुसऱ्यांच्या घरी, असं माझं पक्कं मत होतं. फीडरच्या, म्हणजे सबस्टेशनहून निघालेल्या लाइनच्या, शेवटच्या खांबावर व्होल्टेज कमीच पोचतं. पहिल्या गावात पंखा गरगर फिरतो आणि शेवटच्या गावात बल्बची नुसती तार लाल होते. आमचं घर देवाच्या लाइनवर असं शेवटी आहे, अशी मी समजूत करून घेतली होती.

याला कारण होतं. माझा थोरला भाऊ बापूराव माझ्या आधी लाइनवर होता. तो खांबावर काम करत असताना बंद असलेली लाइन चालू झाली आणि तो गेला. लग्न व्हायचं होतं त्याचं. लाइन कोणी सोडली, कोणाच्या सांगण्यावरून सोडली, हे आम्हाला कधी कळलं नाही. कागदावर आलं की कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे. म्हणजे बापूरावच्या. मेलेल्या माणसाला खुलासा देता येत नाही, हे त्या कागदवाल्यांच्या फार सोयीचं झालं. वर्षभरानं त्याच्या जागेवर मला घेतलं. आई म्हणाली, "देवानं एक नेला, पर दुसऱ्याची सोय लावली." मी आईला उलट बोललो नाही, पण असली सोय लावणाऱ्याकडे पुन्हा काही मागायचं नाही, असं त्या दिवशी ठरवून टाकलं.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कुणी 'देवानं वाचवलं' म्हटलं की मी त्याचं कारण काढून दाखवायचो. इचोड्याजवळ एकदा एका ट्रकनं खांबाला धडक दिली. खांब मोडला आणि अकरा हजार व्होल्टची तार ट्रकच्या केबिनवर येऊन पडली. ड्रायव्हर नागपूरकडचा होता. तो आत तसाच बसून राहिला, पाऊण तास. बाहेरून लोक ओरडत होते की उडी मार, उडी मार. तो मारेना. मी लाइन बंद करून पोचलो, तार बाजूला केली, तेव्हा तो खाली उतरला आणि डॅशबोर्डवरच्या देवाला हात जोडून रडायला लागला.

मी म्हटलं, "देवाला मागून जोड. आधी टायरला जोड." मग त्याला समजावलं की ट्रकचे टायर रबराचे, म्हणून तू वाचलास. उतरताना एक पाय जमिनीवर आणि एक हात ट्रकला लागला असता, तर तुझ्यातून करंट जमिनीत गेला असता. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "पर मुझे उतरने नहीं दिया किसने?" मी म्हटलं, तुझ्या भीतीनं. धाब्यावर त्यानं मला जबरदस्तीनं जेवू घातलं आणि जाताना टायरला खरोखरच हात लावून नमस्कार केला. मला वाटलं, चला, एक शहाणा झाला.

आणि एक होती गंगूआजी. ज्या गावाची गोष्ट मी सांगणार आहे, त्याच गावातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथंच आहेत आणि सगळ्यांकडे माझा नंबर आहे. करंट जोडून मी खांबावरून उतरलो की गंगूआजी पदर सावरत पुढं यायची आणि म्हणायची, "देवानं धाडलं रे बाप्पा तुले." मी दर वेळी म्हणायचो, "आजी, देवानं नाई, मल्लेशनं धाडलं." मल्लेश म्हणजे आमच्या सबस्टेशनचा ऑपरेटर. आजीला वाटायचं मल्लेश हे एखाद्या देवाचंच नाव असेल आणि ती समाधानानं मान डोलवायची.

आता थोडं आमच्या कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. लाइनवर चढायचं तर आधी ती बंद करावी लागते. त्यासाठी सबस्टेशनला फोन करून 'एलसी' घ्यायची. एलसी म्हणजे लाइन क्लिअर. ऑपरेटर ब्रेकर उघडून करंट तोडतो, वहीत तुमचं नाव लिहितो आणि तुम्हाला एक नंबर देतो. तिथून पुढं ती लाइन तुमच्या नावावर बंद असते. तुम्ही स्वतः फोन करून 'एलसी परत' म्हणेपर्यंत ऑपरेटरनं ब्रेकरला हात लावायचा नाही, मग कलेक्टरचा फोन येवो. ज्याच्या नावावर एलसी, त्याच्या शब्दावर जीव. जितकी माणसं वेगवेगळ्या ठिकाणी काम करतील, तितक्या एलसी वेगळ्या घ्यायच्या, हा नियम आहे.

दुसरा नियम साखळीचा. लाइन बंद झाली तरी चढायच्या आधी तिन्ही तारांवर एक लोखंडी साखळी टाकायची आणि तिचं टोक जमिनीत रोवलेल्या सळईला बांधायचं. चुकून कुठून करंट आलाच, तर तो साखळीतून जमिनीत जातो आणि तिकडे सबस्टेशनमध्ये ब्रेकर आपोआप पडून लाइन बंद होते. साखळी जड असते, टाकायला वेळ लागतो, म्हणून आम्ही ती टाकत नाही. हे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे. माझी साखळी मोटरसायकलच्या डिकीत पडून पडून गंजली होती. भाऊ त्याच कारणानं गेलेला माणूस मी, तरीसुद्धा.

दादाराव माझा जोडीदार. माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगानं आडवा, स्वभावानं सरळ. त्याच्या घरी थोडी शेती आणि एक बैलजोडी. त्या जोडीचं कौतुक तो इतकं करायचा की त्याच्या मुलांना राग यायचा. बावीस वर्षं आम्ही एका गाडीवर हिंडलो. मी वर चढलो की तो खाली उभा, तो चढला की मी खाली. आमची एलसी नेहमी माझ्या नावावर, कारण मी मोठा. दोघं एकाच खांबाशी असताना ते ठीकच होतं.

सहा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. दुसऱ्या दिवशी पोळा होता. रात्रभर वारापाऊस सुरू होता आणि सकाळी फीडर पडलेला. शोधता शोधता दुपार झाली तेव्हा दोन बिघाड सापडले. एक गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, जोडतार तुटलेली. दुसरा दोन किलोमीटरवर शेतात, खांबावर तार पेलणारी चिनीमातीची चिमणी फुटून तार आडव्या लोखंडाला टेकलेली. गावात चक्कीसमोर बायकांची रांग लागली होती. उद्याच्या पोळ्यांसाठी गहू दळायचे होते आणि चक्की बंद. चक्कीवाला मला दर दहा मिनिटांनी फोन करत होता.

दादारावला वेगळीच घाई. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकायचे असतात आणि ते तो कुणाला करू देत नसे.

"भाऊ, एक काम करू," तो म्हणाला. "तुमी गावातलं करा, मी वावरातलं करतो. संग संग होऊन जाईन."

"एलसी?"

"तुमची हाये ना. फीडर तं एकच हाये."

फीडर एकच होता, हे खरं. मल्लेशला पुन्हा फोन करा, दुसरा नंबर घ्या, दुसऱ्यांदा वहीत लिहायला लावा, कशाला? मी मोठा होतो. नाही म्हणायचं काम माझं होतं. मी म्हटलं, "जाय. झालं का फोन कर." निघताना त्यानं माझ्या डिकीतून काहीतरी काढून आपल्या पिशवीत टाकलं, हत्यार असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. वावराकडं जाणाऱ्या एका पोराच्या गाडीवर बसून तो गेला.

जोडतारेचं काम वीस मिनिटांत झालं. मी खाली उतरलो तेव्हा ट्रान्सफॉर्मरभोवती जत्रा जमली होती. बायका डबे घेऊन उभ्या, चक्कीवाला हात जोडून उभा, चहा तयार. सगळ्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी कृतज्ञता. असल्या वेळी माणूस थोडा फुगतो. मी खिशातून फोन काढला, मल्लेशला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मल्लेश, एलसी परत. लाइन क्लिअर. छोड दो."

"ठीक है भाई," मल्लेश म्हणाला.

मी फोन खिशात टाकला आणि चहाचा कप हातात घेतला.

करंट येईना. एक मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. चक्कीवाला स्विच खालीवर करत होता. बायका माझ्याकडे पाहायला लागल्या आणि मला मल्लेशचा राग आला. झोपला का हा? चारचौघांत माझी फजिती. त्याला जरा तासावं म्हणून मी फोन काढला, त्याचा नंबर लावला. तिकडे घंटी वाजत होती आणि तेवढ्यात गंगूआजी पुढं आली.

"देवानं धाडलं रे बाप्पा तुले," ती म्हणाली. "अन तुयासंगचा तो कुठी हाये? त्याच्यासाठी चाय ठेवला ना, थंडा होऊन राह्यला."

कप माझ्या हातातून पडला. फोनवर मल्लेशचा आवाज आला, "हां भाई?" आणि मी ओरडलो, "बंद! बंद रख! हात मत लगा!"

"क्या बंद?" मल्लेश म्हणाला. "ब्रेकर लेइच नै रा. दो दफे डाला, दोनो दफे गिर गया. तिसरी दफे डालरा था, तुम्हारा फोन आया."

इथं बाहेरच्या माणसाला वाटेल की झालं, सुटलो. तसं नसतं. ब्रेकर पडतो तो उगीच नाही. तारेला काहीतरी लागलेलं असतं. फांदी असते, वटवाघूळ असतं. माणूस असतो. बापूराव गेला त्या दिवशीही ब्रेकर पडला होता, एवढं मात्र आम्हाला नंतर कुणीतरी सांगितलं होतं.

मी दादारावला फोन लावला. घंटी वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मी माझ्या गाडीची किल्ली पुढं केली. चक्कीवाल्यानं मला मागे बसवलं. दोन किलोमीटर शेतरस्ता, काळी माती, रात्रीच्या पावसानं चिखल झालेला. गाडी दोनदा घसरली. मी मागं बसून बोलत होतो, मोठ्यानं बोलत होतो, हे मला चक्कीवाल्यानं नंतर सांगितलं. मला वाटलं होतं मी मनात म्हणतोय. तीस वर्षं ज्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, त्याला मी सांगत होतो, "देवा, माझ्या हातानं नको. आमच्या घरातून एक नेलास, आता माझ्या हातानं दुसऱ्याच्या घरचा नको. तू माझं काम कधी केलं नाहीस. हे एक कर." त्यात भक्ती कसली, नुसती भीती होती. जोडायला हातही मोकळे नव्हते, चक्कीवाल्याचा सदरा घट्ट धरून बसलो होतो.

वावराच्या बांधावरून खांब दिसला. वर कुणी नव्हतं.

वर नसणं याचे दोनच अर्थ होतात. कापूस कमरेएवढा वाढलेला होता आणि खांबाच्या बुडाशी काय आहे ते दिसत नव्हतं. मी हाका मारत कापसातून धावलो. उत्तर आलं नाही. मी किती वेळ धावलो कोण जाणे, पन्नासेक पावलांचं अंतर होतं.

दादाराव खांबाला पाठ टेकवून पाय पसरून बसला होता. तोंडावर काजळी, एका भुवईचे केस जळलेले. हातात काडीपेटी होती आणि पायांशी मोडलेल्या काड्या पडल्या होत्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण मी काय म्हणतोय ते त्याला ऐकू येत नव्हतं. आवाजानं त्याचे कान बंद झाले होते. मी त्याच्यासमोर बसलो, त्याच्या हातातली काडीपेटी घेतली, विडी पेटवून दिली. मग तिथंच चिखलात बसून मी रडलो.

अर्ध्या विडीनंतर तो बोलला. "कोन सोडली?"

"मी."

"मी वर हावो, हे मालूम असून?"

"मालूम होतं. इसरलो."

त्यानं विडीचा झुरका घेतला आणि वर पाहिलं. खांबावर, तारांवरून खाली, माझी गंजलेली साखळी लोंबत होती. एका जागी तिच्या कड्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. डिकीतून त्यानं तीच काढून नेली होती.

"तू साखळी टाकली?" मी विचारलं. बावीस वर्षांत त्यानं ती टाकलेली मी पाहिली नव्हती.

त्यानं हातानं पलीकडचं वावर दाखवलं. त्या शेतकऱ्यानं रानडुकरांसाठी कुंपणाला तार लावली होती आणि तिच्यात जनरेटरचा करंट सोडायचा. आमच्याकडे हे चोरून चालतं आणि त्यात दरवर्षी डुकरांपेक्षा कुत्री जास्त मरतात. ती कुंपणाची तार आमच्या लाइनच्या अगदी खालून जात होती.

"त्या बाप्याचा भरोसा नव्हता," दादाराव म्हणाला. "त्याचा करंट आपल्या तारेत आला तं? म्हून टाकली. तुमचा होता भरोसा."

हे तो टोमणा मारायला म्हणाला नाही. त्याला टोमणे येत नाहीत. म्हणूनच ते मला अजून पाठ आहे.

मी कारणं शोधणारा माणूस, आणि इथं सगळी कारणं माझ्यासमोर मांडलेली होती. डुकरं होती म्हणून कुंपण होतं, कुंपण होतं म्हणून भीती होती, भीती होती म्हणून साखळी होती, साखळी होती म्हणून ब्रेकर पडला. दोनदा पडला आणि तिसऱ्या वेळी मी मल्लेशला शिव्या घालायला फोन केला, ती घंटी त्याचा हात ब्रेकरवर असताना वाजली. त्यात देव कुठं आहे, असं मीच दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं. पण मी त्या चिखलात बसलो होतो आणि माझा जोडीदार माझ्यासमोर विडी ओढत होता. मला कारणांची काही गरज उरली नव्हती. जे मी मागितलं ते माझ्या मागण्याच्या आधीच करून ठेवलेलं होतं. माझ्यासाठी. शेवटच्या खांबावरच्या माणसासाठी.

मग बापूरावच्या वेळी का नाही? हा प्रश्न मला त्याच दिवशी पडला आणि अजून पडतो. उत्तर माझ्याकडे नाही. कीर्तनकारांकडे असतं, पण मला पटत नाही. एवढं मात्र झालं की मी रागानं विचारायचो, ते आता रागानं विचारत नाही.

कान जरा मोकळे झाल्यावर दादारावनं पुढचं ठरवून टाकलं. "फांदी लिवा," तो म्हणाला. "फांदी पडली, दोन खेपा ट्रिप झाली, फांदी काढली. मी काई बोलत नाई. तुमच्या पोरीची सोयरीक चालू हाये, सस्पेंड झाले तं लोक काय म्हनतीन?"

फांदी लिहिणं फार सोपं होतं. मल्लेशच्या वहीत जागा रिकामी होती. चक्कीवाला गाडीपाशीच थांबला होता आणि एलसीचं त्याला काही समजत नव्हतं. आणि मला एकदम कळलं की बापूरावच्या वेळी हे असंच झालं असणार. कुणीतरी माझ्यासारखाच, वाईट नव्हे असा माणूस, विसरला असणार. मग त्याच्या घरीही कुणाची तरी सोयरीक असेल, कुणाचं तरी शिक्षण असेल. त्यानं फांदी लिहिली आणि निष्काळजीपणा माझ्या भावाच्या नावावर गेला. तीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या आणि आता त्याच्याच जागेवर येऊन बसलो होतो. फरक एवढाच की माझा माणूस जिवंत होता. मला खरं बोलायची संधी फुकट मिळाली होती. ती त्याला मिळाली नसेल.

लाइन पुन्हा नीट केली. या वेळी दादारावच्या नावावर वेगळी एलसी घेतली आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं परत केली. मग मी सरळ सेक्शन ऑफिसला गेलो. आमच्या एई मॅडम, म्हणजे असिस्टंट इंजिनिअर, माझ्या मुलीच्या वयाच्या, नुकत्याच आलेल्या. मी हिंदीत सगळं सांगितलं, त्या तेलुगूत लिहून घेत होत्या. मध्येच त्यांनी पेन ठेवलं.

"केशवराव, ये मेरे को किसी ने नहीं बोला था. आप क्यूं बोले?"

मला हिंदी सुचेना. मी म्हटलं, "मॅडम, बोल के हल्का हुआ." आणि दस्तखत केलं. मला मेमो मिळाला, सहा महिने लाइनवरून काढून स्टोअरला बसवलं आणि त्या सेक्शनमध्ये प्रत्येकाच्या गाडीला नवी साखळी लागली. मुलीची सोयरीक मोडली नाही. मुलाच्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की आमच्याकडे पण असा एक माणूस पाहिजे होता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर शांताला, माझ्या बायकोला, सांगितलं. लग्न झाल्यापासून ती एकटीच देवाला दिवा लावत होती आणि मी तेव्हा उंबऱ्याबाहेर चपला काढत रेंगाळायचो. मला वाटलं आता ती म्हणेल, बघा, पावला की नाही. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "कमलाबाईले सांगतलं?"

कमलाबाई म्हणजे दादारावची बायको. मी म्हटलं, दादाराव सांगेल.

"त्यानं काऊन सांगाव? तुमी सोडली ना लाइन?"

दुसऱ्या दिवशी पोळा. दुपारी मी दादारावच्या घरी गेलो. अंगणात बैल धुऊन उभे होते, शिंगांना रंग दिलेला, दादाराव त्यांच्या गळ्यात घुंगरमाळा बांधत होता. मला पाहून त्यानं डोळ्यानं खूण केली, बोलू नका. म्हणजे त्यानं घरात फांदीच सांगितली होती.

कमलाबाई चुलीपुढं होती. मी दारात उभा राहिलो.

"वयनी, काल फांदी नोयती पडली. हा वर होता अन मी लाइन सोडली. इसरलो मी."

तिचा हात थांबला. तव्यावर पोळी होती, ती करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. दादाराव बाहेरून म्हणाला, "अवं, जाऊ दे ना." तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मग तिनं तवा उतरवला, उठली, मागच्या दारानं बाहेर गेली. मी तसाच उभा. तिच्या रडण्याचा आवाज येत होता. मी निघून जावं की थांबावं, हे मला कळेना, आणि मी थांबलो. जे व्हायचं ते माझ्या तोंडावर व्हावं असं वाटलं.

ती तोंड धुऊन परत आली. एक पाट टाकला, एक ताट वाढलं. त्यात पुरणपोळी, कढी, वडे, सगळं.

"बसा भाऊजी," ती म्हणाली. "आज सनाचा दिस हाये, दारात आलेल्या मानसाले मी उपाशी लावत नाई. जेवा. पर उद्यापासून पंधरा दिस मले तोंड दाखवू नका. मले लय राग आला हाये. तो जाईन मंग या."

मी पाटावर बसलो. तिनं पोळीवर तुपाची धार सोडली, पुन्हा चुलीशी जाऊन बसली आणि पाठ करून पुढची पोळी लाटायला लागली. बाहेर ढोल वाजायला लागला होता. गावचे बैल वेशीवरच्या तोरणाकडे निघाले होते. दादारावनं दोन्ही कासरे हातात घेतले, बैलांना काहीतरी म्हणाला आणि गल्लीतून निघाला. मी ताटावरून मान वर करून त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो. तो चालत होता. वळणापर्यंत तो चालत गेला, मग दिसेनासा झाला, आणि मी जेवायला लागलो.